बागेत बसायला कारण कशाला हवं?

कामासाठी नागपूरला जाणाऱ्या आपल्यासारख्या बायकांचा दिवस आठवून बघा. सकाळची एसटी, धंतोलीतला डॉक्टर, आणि रिपोर्ट मिळणार दुपारी चारला. मधले तीन तास काय करायचं? मग बर्डीच्या दुकानांतून उगाच फिरायचं, घ्यायची नसलेली साडी उलगडून बघायची, नाहीतर दवाखान्यातच डबा खाऊन पेंगायचं.

मागच्या खेपेला ठरवलं, आज बागेत बसायचं. बाकावर टेकले, चप्पल काढली. पाच मिनिटांत चौकीदार हजर.

“ताई, कोनाची वाट पाहून राहिल्या का?”

“नाही हो, कोणाचीच नाही.”

“मंग काहून बसल्या जी?”

माणूस वाईट नव्हता, काळजीनंच विचारत होता. पण समोरच्या गवतावर तोंडावर रुमाल टाकून चार पुरुष घोरत होते. त्यांना मात्र त्यानं काहीच विचारलं नव्हतं! थोड्या वेळानं स्वच्छतागृह शोधलं, तर त्याला कुलूप. शेवटी उठले.

नागपुरात बागांची, जुन्या वास्तूंची कमतरता नाही. भोसले राजांच्या काळातली महाराजबाग आहे, ती आज कृषी विद्यापीठाकडे आहे. १८७० मध्ये बांधलेला अंबाझरी तलाव आणि त्याच्या काठची बाग आहे. चार घोड्यांचा झिरो माइल तर शाळेच्या सहलीत आपण सगळ्यांनीच पाहिला. १८१७ च्या लढाईचा सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, म्हणून तो ठरावीक दिवशीच उघडतो. हे समजू शकतं. पण ज्या बागांचं फाटक रोज उघडं असतं, त्याही आपल्यासाठी अर्ध्या बंदच असतात, त्याचं काय?

आठवा, या जागी आपण कधी गेलो? शाळेच्या रांगेत, लग्नानंतर नवऱ्यासोबत, मग लेकरांना झोके द्यायला आणि आता नातवंडांना वाघ दाखवायला. कडेवर लेकरू असलं की बाग आपली. एकटीनं गेलं की लगेच परकी. पुरुषाला बसायला बाक पुरतो, बाईला मात्र कारणही लागतं.

मुंबईच्या शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे या तिघींनी २०११ मध्ये ‘व्हाय लॉयटर?’ या इंग्रजी पुस्तकात हेच मांडलं. काही काम नसताना शहरात रेंगाळण्याचा हक्क बाईलाही आहे, असं त्या म्हणतात. काही जणींना हे मोठ्या शहराचं फॅड वाटेल. पण दरवर्षी दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाऊन बघा. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी जिथं धम्मदीक्षा घेतली, तिथं खेड्यापाड्यांतून आलेल्या हजारो बाया भाकरी सोडून जमिनीवर ऐसपैस बसतात, लेकरं निजवतात. काहून बसल्या, असं त्यांना कोण विचारतं? तिथं जागा आपली आहे, हे त्यांना ठाऊक असतं. मग एरवीच्या मंगळवारी, साध्या बागेत, हे का होऊ नये?

मागणं काही मोठं नाही. कुलूप नसलेलं स्वच्छतागृह, प्यायचं पाणी, संध्याकाळी दिवे आणि झुडपांत न लपलेले, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील असे बाक. नागपूरच कशाला, आपल्या गावातल्या नगरपालिकेच्या बागेतही हेच हवं. नगरसेविका निवडून देतो ना आपण? तिलाच विचारू या.

आणि थोडं आपल्याकडेही बघू या. बागेत एकटी बसलेली बाई दिसली, की “घरी काही झालं असेल का हिच्या?” ही शंका आपल्याच मनात आधी येते. खरं सांगा, येते की नाही?

पुढच्या महिन्यात मला पुन्हा तपासणीला जायचंय. त्याच बागेत, त्याच बाकावर बसणार आहे. चौकीदारानं विचारलंच, तर उत्तर तयार आहे: “काही नाही दादा, बसली आहे, बस्स!”