व्हाइटनरचा ठिपका म्हणजे टायमिंग नव्हे

650 सीसी ट्विन क्रूझरचं हेड उतरवून पुन्हा बसवलं आणि गाडी आयडलला थरथरू लागली, अशी पत्रं सतत येत आहेत. इंजेक्टर धुतले, प्लग बदलले, ईसीयूवर संशय घेतला. टायमिंग चेनकडे मात्र सर्वांत शेवटी पाहिलं.

सुपर मिटिऑर 650 चा क्रँक 270 अंशांचा आहे. एक सिलिंडर पेटल्यावर 270 अंशांनी दुसरा पेटतो आणि 450 अंशांनी पुन्हा पहिला. एक कंप्रेशनच्या टीडीसीवर असताना दुसऱ्याचा एखादा व्हॉल्व्ह उघडा असतो. तरीही क्रँक न फिरवता दोन्हींच्या टॅपेटला फीलर गेज लावणारे मिस्त्री आहेत! इग्निशनचा ॲडव्हान्स ईसीयू सांभाळतो. आपल्या हातात उरते ती चेन. कॅम स्प्रॉकेटला 34 दात असतील तर एक दात चुकला की क्रँकवर 21 अंशांचा फरक पडतो.

चेन काढण्याआधी व्हाइटनरचा ठिपका मारायचा आणि ठिपक्याला ठिपका जुळवायचा, ही सवय सोडा. आधीच्या मिस्त्रीने दात चुकवला असेल, तर त्याचीच चूक आपण जपून परत बसवतो. क्रँकची आणि कॅमची मूळ खूण पाहा. टेन्शनर बसवल्यावर क्रँक हाताने, सरळ दिशेने, दोन पूर्ण फेरे फिरवा आणि खुणा पुन्हा तपासा. मध्ये अडलं तर थांबा. तिथे जोर लावला तर व्हॉल्व्ह वाकेल.

पण खुणांची आकृती आणि टॉर्कचे आकडे ज्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतात, ते बाहेरच्या गॅरेजला द्यायला कंपन्या तयार नाहीत. डीलरकडे विचारलं तर ‘गाडी आमच्याकडे आणा’ हेच उत्तर. केंद्राने डिसेंबर 2022 मध्ये राइट टू रिपेअर पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनक्षेत्रही घेतलं. मात्र मॅन्युअल देण्याची सक्ती करणारा कायदा आजही नाही. वॉरंटी संपलेली गाडी शेवटी आपल्याच दारात येते. तिचं काम अंदाजाने करायला लावणं हा मिस्त्रीवर आणि गाडीवाल्यावर अन्याय आहे. पोर्टल काढून ग्राहक व्यवहार खात्याची जबाबदारी संपत नाही.

तेव्हा गॅरेजवाल्यांनो, नुसती कुरकुर पुरे. गॅरेजच्या लेटरहेडवर, मॉडेलचं नाव घालून, सर्व्हिस मॅन्युअलची लेखी मागणी कंपनीला स्पीड पोस्टाने पाठवा. एक प्रत ग्राहक व्यवहार खात्याला आणि एक आमच्याकडे द्या. आलेली उत्तरं आम्ही या मासिकात छापू, आणि ज्यांनी उत्तर दिलं नाही त्यांची यादीही छापू.