बार्जला बाजू द्या

मांडवीत स्वतःची बोट घालणारे आता थोडेथोडके राहिलेले नाहीत. फायबरची लहान होडी, मागे आउटबोर्ड इंजिन, बर्फाची पेटी, चार मित्र किंवा बायकामुलं, आणि रविवारची सकाळ. चोडणच्या खारफुटीला वळसा, दिवाडीच्या कडेकडेने वर, जमलंच तर आमोण्यापर्यंत. जरूर जा. मिनेझिस ब्रागांझा सभागृहातल्या प्रदर्शनात दिसणार नाही असा गोवा या पाण्यावरून दिसतो. फक्त होडी सोडायच्या आधी ही नदी कोणाची आहे ते एकदा समजून घ्या.

मांडवी ही कामाची नदी आहे. खाणींचा सुकाळ होता तेव्हा, 2010-11 च्या सुमाराला, गोव्यातून वर्षाला पाच कोटी टनांच्या घरात लोहखनिज बाहेर जात होतं. त्यातलं बहुतेक सगळं मांडवी आणि जुवारीच्या पाठीवरून, बार्जमधून, समुद्रातल्या जहाजांपर्यंत पोचलं. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या, मधे काही काळ चालल्या, मार्च 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या. कितीतरी बार्जेस जेट्यांना बांधलेल्या गंजत राहिल्या, काही भंगारात गेल्या. पुष्कळांनी बोटी घेतल्या त्या याच काळात. त्यांना नदी मोकळी मिळाली. भर मधोमध इंजिन बंद करायचं, पाय पाण्यात सोडायचे, फोटो काढायचे, कोणाचीच आडकाठी नाही. 2024 पासून लिलावात गेलेले खाणपट्टे एकेक सुरू होऊ लागलेत आणि त्यांच्याबरोबर बार्जेसही परत येतायत. आपली सवय मात्र मोकळ्या नदीचीच राहिली आहे. या लेखाचं निमित्त तेच.

रायबंदरच्या धक्क्यावरून नदी ऐसपैस दिसते. बार्जला ती तेवढी नाही. भरलेल्या बार्जला तीन मीटरच्या आसपास पाणी लागतं, आणि तेवढं पाणी तिला फक्त मधल्या चॅनलमध्ये मिळतं. चॅनल सोडला की तळ चिखलात. तुमच्या होडीला गुडघाभर पाणी पुरतं. म्हणजे सगळी नदी तुम्हाला मोकळी आणि तिला एक पट्टा. बाजू कोणी द्यायची हे इथेच ठरतं. समुद्री वाहतुकीचा आंतरराष्ट्रीय नियमही तेच सांगतो: वीस मीटरपेक्षा लहान बोटीने अरुंद चॅनलमधूनच जाऊ शकणाऱ्या मोठ्या बोटीच्या वाटेत येऊ नये. ‘आपण आधी आलो होतो’, ‘आपण शिडावर होतो’, ‘आपण तर थांबलेलो होतो’ यातलं काहीही तिथे चालत नाही.

म्हणून चॅनलमध्ये थांबायचं नाही, नांगर टाकायचा नाही, गळ लावून बसायचं नाही. ओलांडायचा असेल तर काटकोनात, एका दमात. चालायचं ते उजव्या कडेने. वळणावर मात्र डोकं वापरायला लागतं, कारण वळणात खोल पाणी बाहेरच्या काठाला चिकटतं आणि बार्जही तिथूनच येते. त्या ठिकाणी ‘मी माझ्या कडेला आहे’ म्हणणारा माणूस नेमका तिच्या नाळेसमोर असतो. लाल-हिरव्या बोयांकडे लक्ष ठेवा. समुद्राकडून आत येताना लाल डावीकडे, हिरवा उजवीकडे. खाली जाताना उलट. दोन्हींच्या मधला पट्टा तिचा.

आता बार्जकडे जरा जवळून बघा. सगळा माल पुढे, आणि सुकाणूची केबिन अगदी मागे. भरून खाली येणारी बार्ज पाण्यात इतकी बसलेली असते की बाजूचा पत्रा जेमतेम वर दिसतो. केबिनमागे दोरीवर खलाशांच्या लुंग्या वाळत असतात, आणि लांबून वाटतं ही काय रेंगाळत चाललीय. तिचा वेग डोळ्याला फसवतो. दीड-दोन हजार टन वजन, पाठीला ओहोटीचं पाणी. इंजिन उलटं फिरवलं तरी ती तिथल्या तिथे थांबत नाही. आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते: सुकाणूवरून पाणी जोरात वाहत असेल तरच ते ऐकतं. तुम्हाला वाचवायला तिने वेग तोडला की तिचं वळणंही सैल पडतं. ‘तो हळू करेल की’ हा भरवसा म्हणून बिनकामाचा.

माझ्या मते जास्त जपावं ते रिकाम्या बार्जला. माल नसला की तिचं नाक वर उचललेलं असतं आणि त्या नाकापुढचा पाण्याचा मोठा पट्टा केबिनमधून दिसतच नाही. वाराही तिला आडवा ढकलतो. खूण साधी आहे. केबिनची काच तुम्हाला दिसत नसेल, तर काचेमागच्या तांडेलाला तुम्हीही दिसत नाही. हात हलवून, शिट्ट्या मारून उपयोग नाही, तिथून निघा. तिच्यामागे दुसरी नाही ना, हेही बघून घ्या. पहिली गेली म्हणून उत्साहाने चॅनलमध्ये शिरणाऱ्याला दुसरी गाठते.

भोंग्याची भाषा चारच वाक्यांची आहे, तीही पाठ नसते लोकांना. एक लहान भोंगा: मी उजवीकडे वळतोय. दोन: डावीकडे. तीन: इंजिन उलटं टाकलंय. पाच किंवा जास्त, भराभर: तुझं काय चाललंय ते मला कळत नाहीये. हे पाच भोंगे बहुधा तुमच्यासाठीच असतात. ते ऐकून ‘वाजवतोय बघ कसा’ म्हणत बसू नका. लगेच, ठळकपणे, त्याला लांबून दिसेल असं एका बाजूला वळा आणि वळलेलेच राहा. थोडं इकडे थोडं तिकडे करणारी होडी तांडेलाला सगळ्यात जास्त घाम फोडते.

कडेला गेलात म्हणून सगळं निभावलं असंही नाही. भरलेली बार्ज अरुंद जागेतून जाते तेव्हा आधी काठाचं पाणी तिच्याकडे ओढलं जातं. उथळात उभी असलेली होडी क्षणभर चिखलाला टेकते, आणि मग तेच पाणी लाट होऊन परत येतं. टेकलेल्या होडीत उभं असलेलं माणूस त्या वेळी पडतं. बार्ज शेजारून जाताना सगळ्यांना खाली बसवा, नाळ लाटेकडे वळवा, इंजिन चालू ठेवा. काठाला मासेमारीसाठी ठोकलेले खुंट असतात, भरतीला ते पाण्याखाली जातात. जाळ्यांचे तरंगते डबे असतात. सुकतीला तिसऱ्या काढणाऱ्या बायका कमरेएवढ्या पाण्यात असतात. तिथे वेग म्हणजे निव्वळ असभ्यपणा. बार्जच्या लाटांनी खाजनाचे बांध खचतात अशी शेतकऱ्यांची तक्रार जुनी आहे. स्पीडबोटवाल्यांनी त्यात आपली भर घालू नये.

फेरीबोटींचा हिशेब वेगळा. रायबंदर–चोडण असो की जुने गोवे–दिवाडी, फेरी नदी आडवी कापते, आणि तिला वेळेवर पोचायचं असतं. तिच्या पुढून निसटायचा मोह सोडा, मागून जा. पणजीसमोर कॅसिनोंना माणसं पोचवणाऱ्या बोटींची ये-जा असते. तिथे रेंगाळण्यासारखं तसंही काही नाही.

भरती-ओहोटीचं कोष्टक न बघता मांडवीत उतरणारा माणूस मला अजून कोड्यात टाकतो. पणजीला उधाणाच्या वेळी पाणी दोनेक मीटर चढतं-उतरतं, आणि भरतीचा जोर आत गांजेच्या बाजूपर्यंत पोचतो. कोष्टकातली वेळ मुखाजवळची. जितकं वर जाल तितकी भरती उशिरा. कोकणात तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढतात. हिशेब सुरेख आहे, पण ढोबळ, आणि गोव्यात भरती मुंबईच्या आधी येते, तेव्हा छापील कोष्टकच घ्या. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. नवख्यांनी भांगाचे दिवस निवडावेत, ओढ कमी असते. वर जाताना भरतीबरोबर जा, परतताना ओहोटीबरोबर या. पेट्रोल वाचतं आणि इंजिन दगावलं तरी पाणी घराच्या दिशेने नेतं. भरलेल्या बार्जेसही भरतीचं पाणी बघूनच उथळ जागा पार करतात, म्हणून भरतीच्या माथ्याला चॅनल गजबजलेला असेल असं धरून चाला.

दुपारनंतरची गोष्ट वेगळी सांगायला हवी. उन्हाळ्यात दुपारी समुद्रावरून वारा सुटतो, पश्चिमेकडून. त्याच वेळी ओहोटी असली तर पाणी पश्चिमेला चाललेलं. वारा आणि पाणी समोरासमोर आले की बेतीपासून रेईश मागूशपर्यंत आखूड, उभ्या लाटा उठतात. सकाळी आरशासारखं असलेलं पाणी तीन वाजता होडीत शिरू लागतं. मुलं बरोबर असतील तर जेवणाच्या वेळेआधी धक्क्याला लागा.

आग्वादच्या खाली मुखाशी वाळूचा दांडा आहे. पावसाळ्यात तिथे लाटा फुटतात. बार्जेससुद्धा त्या दिवसांत ती वाट सोडून कुंभारजुवे कालव्यातून जुवारीत उतरतात आणि मुरगाव गाठतात. दीड-दोन हजार टनांची बार्ज जिथे जात नाही तिथे तुमची वीस फुटी होडी कशाला? जून ते सप्टेंबर होडी वर काढून ठेवा, इंजिन धुऊन तेलपाणी करा. आणि चांगल्या हवेतही काबोच्या बाहेर जायचा बेत हा नदीचा बेत नव्हे, समुद्राचा आहे. त्याची तयारी निराळी.

कुंभारजुवे कालवा मात्र बघावाच. तिसवाडीला बेट करणारा हा पाण्याचा पट्टा अरुंद, वळणावळणाचा, दोन्हीकडे खारफुटी. वळणापलीकडची बार्ज दिसत नाही, म्हणून इंजिन हळू करून कान द्या, आंधळ्या वळणाआधी एक लांब भोंगा वाजवा. समोरून बार्ज आलीच तर खारफुटीच्या कडेला थांबून तिला जाऊ द्या. कालव्यात मगरी आहेत, खऱ्या. ओहोटीला चिखलावर ऊन खात पडलेल्या दिसतात. दुर्भाटच्या बाजूचे गावकरी पौष अमावास्येला मातीची मगर करून पुजतात ती या शेजारामुळेच. लांबून बघा, खायला टाकू नका, पोहायला उतरू नका, मुलांचे हात पाण्यात लोंबकळू देऊ नका.

रात्री जाऊच नका. पणजीजवळ कॅसिनोंचा झगमगाट डोळे दिपवतो आणि त्यापलीकडे एका टॉर्चवर बसलेला पागी दिसत नाही. अंधार पडायच्या आत पोचता आलं नाही तर एवढं लक्षात असू द्या: समोरच्या बोटीचा लाल आणि हिरवा असे दोन्ही दिवे एकदम दिसले तर ती सरळ तुमच्यावर येतेय.

सामानाबद्दल थोडक्यात. लाइफ जॅकेट माणशी एक, आणि ते अंगात. सीटखाली कोंबलेलं जॅकेट बुडणाऱ्याच्या कामाला येत नाही. किल-स्विचची दोरी मनगटाला. पेट्रोलचे तीन भाग धरा: एक जायला, एक यायला, एक शिल्लक. वल्ही आणि दोरासकट नांगर हवेतच. चॅनलमध्ये इंजिन बंद पडलं तर आधी वल्ह्याने कडेला या, मग नांगर टाका, आणि झाकण उघडून प्लग बघत बसायचं ते त्यानंतर. बीअर परतल्यावर. इंजिनवाल्या बोटीची नोंदणी, विमा यासाठी 2021 चा अंतर्देशीय जलयान कायदा आहे आणि गोव्यात बंदर कप्तान खातं आहे. एक चक्कर मारा. भाड्याची बोट घेत असाल तर नोंदणी क्रमांक आणि जॅकेटं मोजून मगच पैसे द्या.

पहिल्या एक-दोन फेऱ्यांना त्या काठचा एखादा पागी किंवा बार्जवरून निवृत्त झालेला खलाशी बरोबर घ्या. त्याला रोजचे पैसे द्या, नुसता चहा नको. खडक कुठे, खुंट कुठे, कुठल्या जेटीवरून बार्ज मागे न बघता बाहेर पडते, हे नकाशात नसतं. ते त्याला विचारावं.

निघताना धक्क्यावरच्या किंवा घरच्या कोणाला तरी सांगून जा: कुठवर चाललो, किती जण, किती वाजेपर्यंत येणार. फोन प्लास्टिकच्या पिशवीत बांधून खिशात, त्यात तटरक्षक दलाचा 1554 हा मदत क्रमांक. आणि परत आलात की त्या माणसाला आठवणीने कळवा, नाहीतर तुम्ही घरी जेवून झोपलेले आणि तो बिचारा रात्री बॅटरी घेऊन चोडणच्या बाजूला तुम्हाला हाका मारतोय, असं व्हायचं.