कुमार अष्टपैलूची पारख

अष्टपैलू कबड्डीपटूची पारख चढाईच्या गुणांवरून करण्याची खोड निवडकर्त्यांत मुरलेली आहे. कुमार गटात हे गुण हमखास फसवतात. त्यांत बोनस गुणही धरलेले असतात, आणि समोर सहा किंवा सात बचावपटू असले तरच बोनस मिळतो. कच्चे कोपरे असलेल्या संघाविरुद्ध चपळ मुलगा असे गुण सहज गोळा करतो. त्यामुळे बोनस वजा करून फक्त स्पर्शाचे गुण मांडावेत आणि लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्यानंतरच्या निर्णायक तिसऱ्या चढाईतले गुण वेगळे काढावेत. तिथे बचाव दबा धरून बसलेला असतो आणि वेळ काढून परतण्याची सोय नसते.

खरी अडचण बचावाच्या मोजमापात आहे. पकडीचा गुण बहुधा एकाच खेळाडूच्या नावावर चढतो. कोपरारक्षकाने घोटा धरला, मध्यरक्षकाने अंग टाकून चढाईपटूला मध्यरेषेपासून तोडले, तरी गुणपत्रकात मध्यरक्षकाची नोंद नसते. कुमार अष्टपैलू बहुतेक वेळा याच मध्यरक्षकाच्या जागी उभा असतो. म्हणून चित्रफीत पाहताना झटापटीवर नव्हे, त्याच्या पायांवर नजर ठेवावी: घोटा धरला जाताच त्याचे पहिले पाऊल आत पडते की मागे? साखळीतला हात तो केव्हा सोडतो? सुटलेल्या पकडी तर आवर्जून पाहाव्यात. जमलेल्या पकडीत सगळेच शूर दिसतात.

चढाई आणि बचाव या दुहेरी कामाची किंमत प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामात दिसली. पुणेरी पलटणचा कर्णधार अस्लम इनामदार चढाईच्या गुणांत पहिला नव्हता, पकडीच्या गुणांतही नव्हता. तरी सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला आणि मार्च 2024मध्ये पलटणने विजेतेपद मिळवले.

मैदानाचा पृष्ठभागही पारख फसवतो. सुरतच्या डिंडोली-नवागाम पट्ट्यात कापडधंद्यामागे आलेल्या खानदेशी कुटुंबांची दाट वस्ती आहे. अशा वस्तीतून मातीवर खेळून आलेल्या मुलाची चाचणी एकाच दिवशी मॅटवर उरकणे अन्यायाचे ठरते. मातीत पाय थोडा सरकतो, मॅटवर बूट घट्ट पकड घेतो आणि वळताना पीळ गुडघ्यावर येतो. बुटांची सवय नसलेला मुलगा पहिले काही दिवस मंद भासतो. तो मंदपणा त्याचा नसतो. किमान दोन-तीन आठवडे मॅटवर घालवून मग वळण्याचा वेग मोजावा.

शरीराचा अंदाज सर्वांत अवघड. प्रो कबड्डीत वजनाची मर्यादा 85 किलो आहे. एकोणीस वर्षांच्या सडपातळ मुलाचे रुंद खांदे आणि मनगटे पुढच्या भरणीची आशा दाखवतात, तर आधीच भरलेल्या मुलाचा कुमार गटातला दबदबा पुरुष गटात विरतो. टिकाऊपणा मात्र आधी कळत नाही. चंदगडचा सिद्धार्थ देसाई 2018मध्ये यू मुंबा संघाकडून 218 चढाई गुण मिळवून पुढच्या लिलावात 1 कोटी 45 लाखांना गेला. आठव्या हंगामात दुखापतीने त्याला बहुतेक सामने गमवावे लागले. त्या पहिल्या हंगामात तो विशीच्या उत्तरार्धात होता, हेही ध्यानात ठेवण्याजोगे. अठराव्या वर्षी कोणालाही निकालात काढण्याची घाई नको.

दोन्ही कामांत मध्यम ठरलेल्या मुलाला मध्यरक्षक म्हणून घडवणे अधिक शहाणपणाचे. चढाईपटूंच्या रांगेत गर्दी आहे, भरवशाचे मध्यरक्षक थोडे आहेत.