तुकड्यांची शाळा, शाळेचे तुकडे

पिंपळगाव राजा (जि. बुलढाणा), प्रतिनिधी – शाळेत हाणामारी अथवा मोडतोड झाली की पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘कोणी केले?’ असा. ‘का केले?’ हा प्रश्न चौकशीच्या कागदावर सहसा येतच नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी २००२ मध्ये ‘दहावी फ’ या चित्रपटातून नेमका तोच प्रश्न मांडला होता. दोन दशकांनंतरही त्याचे उत्तर शाळांना सापडलेले नाही.

गुणांच्या उतरंडीनुसार तुकड्या पाडणारी एक शाळा. ‘अ’ तुकडी हुशारांची, तर ‘फ’ तुकडी ‘वाया गेलेल्यांची’. ‘अ’ आणि ‘फ’ च्या मुलांत भांडण होते आणि शिक्षेचा बडगा ‘फ’ वर उगारला जातो. अपमानाने पेटलेली ही मुले शाळेची मोडतोड करतात. अतुल कुलकर्णी यांनी साकारलेले देशमुख सर या कृत्याचे समर्थन करीत नाहीत. मात्र मुलांना वाऱ्यावरही सोडत नाहीत. नुकसान मुलांनीच कष्टाने भरून द्यावे, हा त्यांचा मार्ग. शिक्षा आणि सूड यांतील अंतर हा चित्रपट येथे दाखवून देतो.

नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ने (२०१३) या अपमानाला असलेली जातीची किनार उघड केली. वर्गमित्रांच्या देखत डुकरे पकडावी लागणारा जब्या अखेरीस दगड उचलतो. तो दगड एका दिवसाच्या रागाचा नसतो. २०२५ मध्ये ब्रिटनमधील ‘अॅडोलसन्स’ या मालिकेने तेरा वर्षांच्या मुलाच्या हातून घडलेल्या खुनाच्या निमित्ताने हाच शोध घेतला. तेथे मोबाइलवरील चेष्टा आणि एकटेपण यांची भर पडली आहे.

कायद्याने काय साधले? शिक्षण हक्क कायदा २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळालाही मनाई केली. परंतु हा कायदा सहा ते चौदा वर्षे वयासाठी, म्हणजे आठवीपर्यंत. दहावीचा विद्यार्थी, ज्याच्यावर सर्वाधिक ताण असतो, तो या छत्राबाहेरच राहतो. ‘अ’ आणि ‘फ’ ही अक्षरे पुसली गेली, तरी ‘सेमी’ आणि ‘साधा’ वर्ग अशी नवी विभागणी अनेक ठिकाणी दिसते.

खामगाव तालुक्यातील पिंपळगाव राजासारख्या कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. शहरातील मुलाला एका शाळेने काढले, तर दुसरी मिळू शकते. गावातील मुलाला मात्र शाळेनंतर थेट शेताचा बांध दिसतो. त्याचे निलंबन आठ दिवसांचे असले, तरी ते कायमचे ठरण्याचा धोका असतो.

मोडतोड करणाऱ्यास जबाबदार धरलेच पाहिजे. परंतु काचा बदलून तुकड्या तशाच ठेवल्या, तर पुढचा दगड कोणाच्या हातात असेल एवढेच काय ते ठरायचे उरते.