हात लावून तर पाहा

प्राथमिक आरोग्य केंद्रातून बाहेर पडणाऱ्या म्हाताऱ्याला विचारा, डॉक्टर कसे वाटले? औषधाचं नाव तो सांगणार नाही. 'नळी लावली' किंवा 'हातसुद्धा लावला नाही', एवढ्यात त्याचा निकाल लागतो. याला अडाणीपण म्हणू नये. मान वर न करता लिहिलेल्या केसपेपरवर त्याने विश्वास का ठेवावा?

गर्दी असते, कबूल. मैदानी भागात एका केंद्रामागे 30,000 आणि आदिवासी भागात 20,000 लोकसंख्या धरलेली आहे; शिवाय बैठका आणि अहवाल आहेतच. पण 'बसा आजी' म्हणायला कितीसा वेळ लागतो? 'इतके दिवस झोपली होतीस का?' याला त्याहून जास्त लागतो.

सगळ्यात वाईट वाक्य म्हणजे 'तुला काही झालेलं नाही'. डॉक्टरांच्या मते हा धीर असतो. ऐकणारीला वाटतं, आपल्याला खोटं पाडलं. कळ, ठणका, चमक, चिळक, आग, मुंग्या... तिने नेमका शब्द वापरून सांगितलेलं असतं, कागदावर मात्र 'अंगदुखी' उतरते. मग ती बाजाराच्या दिवशी सलाईनवाल्याकडे जाते. 'फार अशक्तपणा आलाय हो मावशी,' तो म्हणतो. पैसे उकळतो, पण तिचं दुखणं खरं धरतो!

विचारलं की लोक सांगतात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी आदिवासींना विचारलं, दवाखान्याची भीती का वाटते? उत्तरं साधी होती. तुमची माणसं पांढऱ्या कपड्यांत फिरतात, आम्ही पांढऱ्यात मढं गुंडाळतो. आणि घरच्यांना तुम्ही रोग्याजवळ राहू देत नाही. त्यांच्या शोधग्राम या वसाहतीतला दवाखाना मग झोपड्यांच्या वस्तीसारखा उभा राहिला, त्याला दंतेश्वरी देवीचं नाव मिळालं. हेमलकशात 1973 साली काम सुरू झालं, तेव्हा डॉ. प्रकाश आमटे यांनाही माडिया भाषा शिकावीच लागली. मेळघाटात नेमणूक झाल्यावर कोरकूचे चार शब्द शिकणारे किती आणि बदलीची वाट पाहणारे किती, हे सरकारने एकदा मोजावं.

राहिली गोळी. पाकिटावर 1-0-1 लिहून 'समजलं ना?' विचारलं की मान हलते. डॉक्टरांपुढे 'नाही' म्हणायची आपल्याकडे रीतच नाही. त्यापेक्षा म्हणावं, 'आजी, गोळी कशी घेणार, ते तुम्ही मला सांगा बरं.' आजी सांगतील, 'सकाळी जेवून एक, रात्री जेवून एक.' आणि उठता उठता हळूच म्हणतील, 'पर बाबा, मी जेवते एकदाच.'