उपमान न ऐकता

गेल्या फेब्रुवारीत गोव्यातील एका चर्चासत्राला आम्ही दोघे गेलो होतो. विषय 'मराठी कादंबरीतील बहुस्वरता'. दोन दिवसांत अकरा निबंध वाचले गेले आणि बाख्तिनचे नाव न घेणारा वक्ता एकही नव्हता. समारोपाचे सत्र आम्ही चुकवले, हे आधीच कबूल करतो. त्या दुपारी जुन्या गोव्यात, मोंतेच्या टेकडीवरील कपेलच्या अंगणात एका गायकवृंदाचा कार्यक्रम होता. चार वाजता ऊन चांगलेच तापलेले होते. खाली मांडवी, पलीकडे दिवाडी बेटाची हिरवी पट्टी, आणि चटका बसेल अशा प्लास्टिकच्या खुर्च्या. आमच्या या जाण्याला चर्चासत्रातील एका ज्येष्ठांनी 'सहल' म्हटले. बहुस्वरतेविषयी त्या दोन दिवसांत आम्ही जे काही शिकलो ते त्या सहलीतच शिकलो, एवढेच आम्हांला इथे मांडायचे आहे.

दोन स्तोत्रांनंतर वृंदाने पालेस्त्रिनाचे 'सिकुत चेर्वुस' गायले. रचनाकार सोळाव्या शतकातला, इटालियन. शब्द लॅटिन, बायबलमधील स्तोत्रसंहितेतले: पाण्यासाठी आसुसलेल्या हरिणाची उपमा त्यांत आहे. आधी टेनर, म्हणजे पुरुषांचा उंच आवाज, एकटाच निघतो. त्याचे बोलणे पुरे व्हायच्या आत आल्टो, स्त्रियांचा खालचा आवाज, तेच शब्द घेऊन शिरतो. मग सोप्रानो, शेवटी बास. पण तोवर टेनर थांबलेला नसतो, तो पुढे निघून गेलेला असतो. चौघेही एकाच वेळी निरनिराळ्या ठिकाणी असतात आणि तरी काही विस्कटत नाही. यांत मुख्य गायक कोण आणि साथीला कोण, हे शोधण्यात आम्ही पहिला मिनिटभर वाया घालवला. मैफलीची सवय, दुसरे काय! इथे साथ कुणीच कुणाची करत नव्हते.

हे संगीत घुमणाऱ्या दगडी वास्तूंसाठी लिहिलेले, उघड्यावर त्याची रया जाते, असे जाणकार म्हणतात. ते निम्मे खरे आहे. बासची काही वाक्ये वाऱ्याने परस्पर नदीकडे नेली. मात्र घुमारा नसल्यामुळे प्रत्येक आवाजाची कड स्वच्छ ऐकू येत होती. शिवाय उन्हात डोळे बारीक करून गाणारी माणसे दिसत होती: स्वतःची ओळ न सोडता इतर तिघांकडे कान लावून असलेली. आम्हांला फार आनंद झाला. चर्चासत्रात हा शब्द उच्चारण्याची सोय नसते, म्हणून तो इथे मुद्दाम लिहितो.

आता चर्चासत्राकडे येऊ. एका निबंधाचे प्रतिपादन असे होते की, 'रणांगण'मधील बोटीवर निरनिराळ्या देशांचे प्रवासी आहेत, जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू आहेत, म्हणून ही कादंबरी बहुस्वर आहे. टाळ्याही पडल्या. १९३९ची ती कादंबरी आम्हांलाही प्रिय आहे. पण ते सगळे प्रवासी आपल्यापर्यंत येतात ते चक्रधरच्या कानातून, त्याच्या जखमेतून. हॅर्टा तिच्या पत्रांतून स्वतः बोलू लागते तेव्हा बोट मागे पडलेली असते आणि ती व चक्रधर दुरावलेले असतात. दोन आवाज आहेत, पण ते एकाच क्षणी एकमेकांना भिडत नाहीत, आणि 'रणांगण'चे सारे दुःख त्यातच आहे. 'बहुस्वर' असा शिक्का मारला की नेमके हेच झाकले जाते. पात्रे मोजून स्वर ठरत असते तर रेल्वेचे वेळापत्रकही बहुस्वर ठरले असते, स्थानके काय कमी असतात!

'अहो, ते केवळ रूपक आहे', असे आम्हांला सुनावण्यात आले. ठाऊक आहे. दस्तयेवस्कीवरील १९२९च्या ग्रंथात बाख्तिनने ही संज्ञा संगीतातून उचलली आणि ती उपमेपलीकडे ताणू नये असेही बजावले. पण उपमान न पाहता उपमेयावर निबंध लिहिण्याची मुभा आपल्या साहित्यशास्त्राने कधीपासून दिली? चंद्र न पाहिलेल्याने मुखचंद्रावर व्याख्यान द्यावे, तशातला हा प्रकार. आपले विद्यार्थी ही संज्ञा नेट-सेटसाठी पाठ करतात. ती ऐकता येते, हे त्यांना कुणी सांगत नाही.

दुसरा आक्षेप अधिक लाडका: आपली दिंडी आहेच की, हवेत कशाला लॅटिन वृंद? दिंडीत आम्हीही चाललो आहोत, तिला कमी लेखण्याचे कारण नाही. पण तिथे शेकडो कंठ एकच चाल धरतात. लहानथोर, सुरेल-बेसूर सगळे एका स्वरात विरघळावेत, हाच तिचा अर्थ आहे. तिला बहुस्वर म्हणणे हा गौरव नव्हे, गैरसमज आहे.

त्याच दुपारी वृंदाने कोंकणी मांडोही गायले, घुमट आणि व्हायोलिनसह. तॉर्कातो द फिगेरेदो यांचा निरोपाचा प्रसिद्ध मांडो सुरू झाला तेव्हा मागच्या रांगेतील आज्या उघडपणे गाऊ लागल्या. इथे आवाज दोन, पण दुसरा पहिल्याच्या बरोबरीने, ठरावीक अंतर राखून चालतो. दोघांचे शब्द एकाच वेळी पडतात. म्हणजे दिंडी, मांडो आणि पालेस्त्रिना असे एकत्र गाण्याचे तीन निराळे प्रकार झाले, आणि आपल्या समीक्षेकडे तिन्हींसाठी शब्द एकच. मांडोला 'वसाहतीचा अवशेष' म्हणून बाजूला सारणाऱ्यांशी वाद घालत नाही. गोव्याच्या चर्चशाळांत स्वरलेखन शिकलेल्यांच्या परंपरेतूनच हिंदी चित्रपटसंगीताला अँथनी गोन्साल्विस आणि सेबास्टियन डिसोझा मिळाले. ती गाणी गुणगुणताना हा आक्षेप कुणाला आठवत नाही.

परतल्यावर एम.ए.च्या वर्गात आम्ही 'सिकुत चेर्वुस'चे ध्वनिमुद्रण लावले. लहानसा स्पीकर, बाहेर मैदानावर कवायतीच्या शिट्ट्या. तीनदा लावावे लागले. पहिल्यांदा कुणालाच चार आवाज ऐकू आले नाहीत, दुसऱ्यांदा दोन सापडले. तिसऱ्या वेळी एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, सोप्रानो शिरते तेव्हा टेनरवाला काय गातोय?" आम्हांला सांगता आले नाही. चौथ्यांदा लावले.