हळकुंड मोडून पाहा

आपल्या वसमतच्या बाजारांत जाणता व्यापारी हळदीच्या वरच्या रंगास भुलत नाहीं. हळकुंड मोडून आंतील रंग पाहतो. पडद्यावरील चित्रें पाहतांना मात्र ही रीत आपण विसरतों. "मुलांस चित्रपट, दूरदर्शन, मोबाईल दाखवूंच नये," असें कित्येक पालक म्हणतात. हें मत मला मान्य नाहीं. बंदीनें डोळे मिटतात, पारख येत नाहीं.

दादासाहेब फाळके यांचेंच उदाहरण घ्यावें. १९१२ सालीं त्यांनीं वाटाण्याच्या रोपाची अनेक दिवसांची वाढ थोडी थोडी टिपून कांहीं क्षणांत दाखविली. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र' चित्रपटांत तारामतीचें काम अण्णा साळुंके या पुरुषानें केलें. पुढें १९१७ सालीं चित्रपट कसे तयार होतात, हेंहि फाळक्यांनीं पडद्यावरच उघड केलें. ज्यानें ही माया रचिली, त्यानेंच तिची किल्ली प्रेक्षकांच्या हातीं दिली!

पालकहो, मुलांच्या शेजारीं बसा व विचारा: हें कोणीं दाखविलें? कशासाठीं? काय वगळलें? विद्यार्थिमित्रहो, हेच प्रश्न बातमीस, जाहिरातीस आणि आम्हां शिक्षकांसहि विचारा. उत्तर देणें आम्हांस जड गेलें, तरी विचारा.